रेडिओवरून टिपलेलं गाणं : दर्जाच्या वादाचा आढावा

हिंदुस्तानी संगीताच्या जुन्या संग्राहकाचं कपाट उघडलं की त्यात कंपन्यांच्या तबकड्या असतात, खासगी मैफलींच्या टेपा असतात, आणि बहुधा या दोहोंपेक्षा जास्त जागा रेडिओवरून उतरवून घेतलेल्या गाण्याने अडवलेली असते. उस्ताद अमीर खाँ १९७४ साली गेले तेव्हा बाजारात त्यांच्या मोजक्याच लाँगप्ले होत्या. द. वि. पलुसकर १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. या गायकांचं विस्ताराने मांडलेलं गाणं आज आपल्या कानांवर येतं, त्यात आकाशवाणीचा आणि आकाशवाणी ऐकत टेप सुरू करून बसलेल्या अनाम श्रोत्यांचा वाटा मोठा आहे.

या रेकॉर्डिंगच्या दर्जाबद्दल मात्र एकमत कधीच नव्हतं. काहींच्या मते ही खरखर आणि घरघर म्हणजे गाण्याची सावली. त्यावरून गायकाच्या आवाजाबद्दल बोलूच नये. काहींच्या मते राग, बंदिश आणि मांडणी कळते तेवढं पुरे. तिसरे म्हणतात, आता संगणक आहे, सगळं साफ करून घ्या. गेल्या काही वर्षांत मीडियम वेव्हची प्रक्षेपणं कमी होत चालली, कॅसेट डेक दुरुस्त करणारे हात विरळ झाले आणि घराघरांतल्या टेपा पुढच्या पिढीकडे आल्या. त्यामुळे हा वाद पुन्हा वर आला आहे.

रेडिओवरूनच का?

७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्यात ख्याल बसवायचा म्हणजे आलापी जवळजवळ गाळायची. रेडिओने ही अट काढून टाकली. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले त्या वर्षी, १९५२ साली, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि शनिवारची रात्रीची साडेनऊची वेळ रसिकांच्या घरात ठरून गेली. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन आलं. पुणे केंद्र त्याआधीच, २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं होतं. १९५५-५६ मध्ये त्याच केंद्रावरून ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे गेलं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा वेगवेगळ्या गळ्यांतून गेलेलं ते मूळ प्रसारण आणि नंतर घरोघरी पोचलेल्या सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ प्रसारण ऐकायचं तर रेडिओच्या टेपेशिवाय मार्ग नाही.

पण १९५५ साली घरी टेपरेकॉर्डर किती जणांकडे होता? फारच थोड्यांकडे. साठच्या दशकात परदेशातून आणलेली स्पूल यंत्रं दिसू लागली, तीही डॉक्टर, कारखानदार, क्वचित एखाद्या संगीतवेड्या प्राध्यापकाकडे. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट आपल्याकडे सर्वदूर पोचायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. त्यानंतर रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेला टू-इन-वन आला आणि रेकॉर्डिंग ही कुणाही श्रोत्याच्या आवाक्यातली गोष्ट झाली. संग्रहांतला आवाजाचा दर्जा इतका वरखाली का, याचं अर्धं उत्तर या कालक्रमात आहे. जुन्या टेपा थोड्या, पण चांगल्या यंत्रांवर घेतलेल्या. पुढच्या टेपा भरमसाट आणि कुठल्याही यंत्रावर घेतलेल्या. म्हणून ‘जुनं म्हणजे वाईट’ हा ठोकताळा इथे चालत नाही.

घरी पोचण्याआधीच काय गेलं

वादात बहुतेक वेळा बोट टेपेकडे दाखवलं जातं. पण स्टुडिओतून निघालेला आवाज श्रोत्याच्या यंत्रापर्यंत येईतो त्यातलं बरंच काही गळून गेलेलं असे.

केंद्रात गायक चांगल्या मायक्रोफोनसमोर बसे आणि टेप वेगाने, सेकंदाला साडेसात किंवा पंधरा इंच, धावत असे. तिथे आवाजाला काही कमी नव्हतं. मैफल दिल्लीत आणि श्रोता महाराष्ट्रात असेल, तर ती इथल्या केंद्रापर्यंत टेलिफोनच्या ट्रंक लाइनीने किंवा शॉर्टवेव्हवर पकडून येई. लाइनीने वरचे स्वरांश कापले जात, शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा चढे-उतरे. ऐंशीच्या दशकात इन्सॅटमार्फत जोडणी झाली तेव्हा ही अडचण संपली. म्हणजे एकाच केंद्रावरून, एकाच घरात, एकाच यंत्रावर घेतलेल्या दोन टेपांमध्ये, स्थानिक कलाकाराची टेप स्वच्छ आणि राष्ट्रीय कार्यक्रमाची टेप कोंदट असू शकते. यात श्रोत्याचा काही दोष नाही.

मग मीडियम वेव्ह. आपल्या भागात या पट्ट्यात दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर ठेवलेलं असतं. एका बाजूला साडेचार किलोहर्ट्झ, एवढीच हक्काची जागा. प्रक्षेपण थोडं जास्त रुंद असलं तरी शेजारचं केंद्र घुसू नये म्हणून बहुतेक रेडिओ चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकत. गाण्यात याचा अर्थ काय, हे नीट पाहण्यासारखं आहे. गायकाचा स्वर, आकार, बोलांचे स्वरवर्ण हे सगळं चार किलोहर्ट्झच्या आत बसतं, त्यामुळे बंदिश कळते, तान कळते. ‘स’ आणि ‘श’ मधला फरक पुसट होतो. तबल्याच्या चाटेचा ‘ना’ बोथट होतो. सर्वांत मोठा फटका तंबोऱ्याला. जवारीचा झणत्कार ज्या वरच्या स्वरांशांवर उभा असतो, त्यांचा बराच भाग या रेषेच्या पलीकडे आहे. म्हणून रेडिओच्या टेपेत तंबोरा सहसा गुणगुणतो, झणकारत नाही. त्या काळातले गवई तंबोऱ्याकडे दुर्लक्ष करत असत, असा निष्कर्ष एखाद्या तरुण श्रोत्याने अशा टेपांवरून काढला तर तो चुकेल.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीलगत येतात. सूर्य मावळला की वातावरणातला त्यांना शोषणारा थर विरतो आणि त्याच लहरी आकाशातून परावर्तित होऊनही येऊ लागतात. केंद्रापासून साधारण शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात या दोन्ही वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि आवाज फाटतो, बुडतो, पुन्हा वर येतो. दुपारी मुंबईचं केंद्र स्वच्छ ऐकणाऱ्या पुणेकराला किंवा रत्नागिरीकडच्या श्रोत्याला रात्री तेच केंद्र सतावायचं, ते यामुळे. आणि मोठी मैफल रात्रीच असायची. पावसाळ्यात विजांचे कडाके असत. तो आवाज टेपेवर कोरला गेला की निघत नाही.

या सगळ्याचा एक परिणाम वादात क्वचितच लक्षात घेतला जातो. साधी फेरिक कॅसेट आठ-दहा किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरू शकते. मीडियम वेव्हवरून येणारा आवाज त्याच्या निम्म्यावर संपलेला असे. म्हणजे मीडियम वेव्हपुरती कॅसेट ही कमजोर कडी नव्हतीच. महागडी क्रोम टेप आणून लोक मीडियम वेव्ह उतरवत. त्यांना थोडी कमी सळसळ मिळाली असेल, गाणं जास्त मिळालं नाही.

एफएमने समीकरण उलटं केलं

भारतात एफएम प्रक्षेपण १९७७ साली मद्रासहून सुरू झालं. महाराष्ट्रातल्या बहुतेक श्रोत्यांपर्यंत ते नव्वदच्या दशकात खऱ्या अर्थाने पोचलं. इथे पंधरा किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, विजेचा कडकडाट येत नाही, शेजारचं केंद्र डोकावत नाही. आता मात्र कॅसेट हीच कमजोर कडी झाली.

एफएमचे स्वतःचे त्रास होते. स्टिरिओ प्रक्षेपणात डाव्या-उजव्यातला फरक वेगळ्या उपवाहकावर बसवतात आणि तो कमकुवत सिग्नलमध्ये प्रचंड सळसळ आणतो. एकच गायक, दोन तंबोरे आणि तबला-पेटी, अशा मांडणीत स्टिरिओने मिळणारा फायदा तुटपुंजा. म्हणून जाणकार रेडिओचं बटण मोनोवर टाकून रेकॉर्ड करत. नव्या श्रोत्यांना हे मागासलेपण वाटे. डोंगराळ भागात किंवा उंच इमारतींच्या गर्दीत परावर्तित लहरींमुळे आवाज चरचरतो. यावर उपाय म्हणजे गच्चीवर चांगला एरियल. महागडा डेक घेणारे पुष्कळ, एरियलवर खर्च करणारे थोडे.

एक बारीकशी गोष्ट डॉल्बीची, म्हणजे डेकमधल्या सळसळ कमी करणाऱ्या सोयीची. स्टिरिओ एफएमसोबत १९ किलोहर्ट्झचा एक मार्गदर्शक सूर येतो. तो कानाला ऐकू येत नाही, पण डॉल्बीच्या परिपथाला फसवतो. म्हणून चांगल्या डेकवर तो गाळणारं ‘एमपीएक्स फिल्टर’ नावाचं बटण असे. ते बंद ठेवून घेतलेल्या टेपा पुढे विचित्र वागतात. त्याहून सर्रास घोळ म्हणजे टेप डॉल्बीने घेतली होती की नाही, हे डबीवर लिहिलेलंच नसणं. डॉल्बीने घेतलेली टेप त्याशिवाय वाजवली तर कर्कश लागते. साधी टेप डॉल्बीवर वाजवली तर दबलेली लागते. ‘अमक्याच्या संग्रहातलं रेकॉर्डिंग फार कोंदट आहे’ अशा तक्रारींमागे कधी कधी एवढंच असतं.

घरातलं यंत्र

रेडिओसमोर मायक्रोफोन धरून केलेली रेकॉर्डिंग वेगळीच ओळखू येतात. त्यांत खोलीचा घुमारा असतो, भांड्यांचा आवाज असतो, ‘जेवायला चला’ असतं. वायर जोडून घेतलेल्या टेपेत हे नाही. पण ट्यूबलाइटच्या चोकची घरघर तिच्यातही येते.

टू-इन-वनबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सर्वाधिक टेपा त्याच्यावर झाल्या. या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असे. आवाज वाढला की ती दाबायची, कमी झाला की उचलायची. बातम्यांसाठी उत्तम. ख्यालासाठी घातक. गायक समेवर येऊन थांबला की यंत्र पातळी वर खेचतं. तंबोरा फुगत फुगत पुढे येतो, त्यासोबत सळसळही. पुढचा स्वर लागताक्षणी सगळं धाडकन खाली. विलंबित आलापीतल्या विरामांना जो अर्थ असतो, तो अशा टेपेत उलटा होतो. जिथे शांत व्हायला हवं तिथे गजबज होते. गायकाने आवाजात केलेला लहान-मोठा भेद यंत्राने सपाट केलेला असतो. ही इजा वरचे स्वरांश जाण्यापेक्षा जास्त गंभीर आहे असं मला वाटतं, आणि तिच्यावर आजही खात्रीचा इलाज नाही, कारण मूळ पातळी किती होती याची नोंद टेपेत कुठेच उरत नाही.

आणि बाजू उलटणं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. दीड तासाच्या कार्यक्रमात ती नेमकी मध्यावर संपते, बहुधा विलंबित रंगात आलेलं असताना. दोन यंत्रं लावून हे टाळणारे श्रोते होते, पण अपवादाने.

वेग आणि स्वर

संगीताच्या अभ्यासकांचा खरा वाद खरखरीवर नाही, स्वरावर आहे. गायकाची पट्टी काळी एक होती की पांढरी दोन? कोमल गंधार अमुक घराण्यात किती उतरलेला लागतो? टेपेचा वेग सहा टक्क्यांनी चुकला की पट्टी एका पूर्ण अर्धस्वराने सरकते. वेग एकसारखा चुकला असेल तर स्वरांमधली अंतरं शाबूत राहतात, पण आवाजाचा पोत बदलतो आणि लय खोटी होते. वेग डळमळला तर मींड आणि आंदोलन यांबद्दल काहीही म्हणता येत नाही. म्हणून श्रुतींचा अभ्यास करणाऱ्याला कोंदट पण स्थिर टेप चालते. लखलखीत पण डगमगणारी चालत नाही. आवाजाच्या लगावाचा अभ्यास करणाऱ्याची गरज नेमकी उलटी. ‘चांगलं रेकॉर्डिंग’ म्हणजे काय, यावर या दोघांचं एकमत होणारच नाही.

वेग दुरुस्त करायचा तर संदर्भ हवा. पाश्चात्त्य देशांत एक लोकप्रिय युक्ती आहे: टेपेत मुरलेली विजेची गुणगुण मोजायची. वीज पन्नास हर्ट्झची असेल तर तीही पन्नास हर्ट्झ असायला हवी. एकोणपन्नास भरली तर टेप दोन टक्के हळू वाजते आहे, असं समजून वेग वाढवायचा. ही युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी लावण्यात धोका आहे. पूर्वी आपल्या ग्रिडची वारंवारता ४८ ते ५२ हर्ट्झच्या दरम्यान हेलकावे खात असे. दुसरं, बऱ्याच स्पूल यंत्रांची मोटर थेट विजेच्या वारंवारतेवर चालायची. वीज साडेअठ्ठेचाळीसवर आली की गुणगुणही साडेअठ्ठेचाळीस आणि टेपही त्याच प्रमाणात मंद. आज ती टेप नेमक्या वेगाने वाजवली तर गुणगुण बरोबर पन्नास भरते, आणि गाणं मात्र तीन टक्के, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराने, चढलेलं असतं! संदर्भच टेपेबरोबर सरकलेला. बॅटरीवर किंवा डीसी मोटरवर चालणाऱ्या कॅसेट यंत्रांना हा नियम लागू नाही. तिथे गुणगुण मोजून काही हाती लागू शकतं, पण त्या रात्री ग्रिड कुठे होती हे ठाऊक असेल तरच.

दुसरा संदर्भ पेटीचा. पेटी जुळवावी लागत नाही. तिच्या पट्ट्या ठरलेल्या असतात, म्हणून पेटीची साथ असलेल्या टेपेत वेग तपासणं त्या मानाने सोपं. पण आकाशवाणीने १९४० पासून जवळपास तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं होतं. त्या काळातल्या रेडिओ मैफलींत साथीला सारंगी असते, आणि सारंगी कुठल्याही पट्टीत मिळवता येते. उरतो तिसरा मार्ग: त्याच गायकाची इतर, खात्रीची ध्वनिमुद्रणं. त्यातही गृहीत असं की गायक आयुष्यभर एकाच पट्टीत गायला. वयाबरोबर पट्टी उतरवणारे गवई सगळ्यांना माहीत आहेत.

साफ करायचं की नाही

इथे तीन भूमिका दिसतात. अभिलेखागारांची भूमिका सर्वांत स्पष्ट आहे. ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयासाची, मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की जतनासाठीची डिजिटल प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची असावी आणि तिच्यात ‘सुधारणा’ करू नये. टेप जशी आहे तशी यावी. मात्र मूळ टेप शक्य तितकी नीट वाजवणं ही सुधारणा नव्हे. कॅसेटच्या हेडचा कोन त्या त्या टेपेनुसार स्क्रू फिरवून जुळवला की वरचे स्वरांश एकदम मोकळे होतात. हौशी डिजिटायझेशनमध्ये हे काम हमखास टाळलं जातं. शेकडो कॅसेट एकाच कोनात वाजवल्या जातात आणि मग संगणकावर ट्रेबल वाढवली जाते.

दुसरी भूमिका श्रोत्यांची. खरखर सोसत कुणी अर्धा तास मारवा ऐकणार नाही, विशेषतः आजचा तरुण; तेव्हा ऐकण्याजोगं करा. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मीडियम वेव्हच्या टेपांबाबत तर तांत्रिक आधारही आहे. पाच किलोहर्ट्झच्या वर जर गाणं नाहीच, तर तिथली सळसळ कापल्याने गाण्याचं काही जात नाही. यावरचा आक्षेप असा की स्थानिक केंद्र, दिवसाची वेळ आणि चांगला रेडिओ असा योग जुळून आला तर सहा-सात किलोहर्ट्झपर्यंतही गाणं सापडतं. एकाच सुरीने सगळ्या टेपा कापणं बरोबर नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रत्येक टेप वेगळी पाहावी लागते, आणि ते कुणालाच नको असतं.

सळसळ काढणाऱ्या प्रोग्रॅमचा एक अडथळा खास आपल्या संगीताचा आहे. हे प्रोग्रॅम गाणं नसलेल्या जागेवरून सळसळीचा ठसा घेतात आणि तो सगळ्या रेकॉर्डिंगमधून वजा करतात. पाश्चात्त्य संगीतात दोन भागांमध्ये शांतता मिळते. आपल्याकडे तंबोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू. गायक थांबलेली जागा ‘शांत’ समजून ठसा घेतला की प्रोग्रॅम तंबोऱ्यालाच सळसळ समजतो आणि पुसत सुटतो. मागे पाण्याखालून आल्यासारखी बुडबुड उरते. शुद्ध ठसा मिळण्याची जागा एकच, निवेदकाच्या घोषणेनंतर आणि तंबोरा सुरू होण्याआधीची एक-दोन सेकंदं. कित्येक संग्राहकांनी टेप वाचवण्यासाठी निवेदन कापून टाकलं, आणि तारीख, केंद्र, साथीदारांची नावं यांबरोबर तो ठसाही गेला.

तिसरी भूमिका मधली: मूळ प्रत हात न लावता ठेवा, ऐकण्यासाठी दुसरी करा आणि काय केलं ते लिहून ठेवा. तत्त्वतः हिला कुणाचा विरोध नाही. व्यवहारात मात्र दुसरी प्रतच हातोहात फिरते, तिच्यावर आणखी कुणी तरी साफसफाई करतं, एमपीथ्री बनते, व्हिडिओच्या संकेतस्थळावर चढते, तिथून उतरवली जाते. या प्रवासात जेवढं गाणं जातं तेवढं मूळ प्रक्षेपणातही गेलं नसेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी वाद तापवला आहे. स्वर वेगळा काढणारी प्रचलित प्रतिमानं मुख्यतः गायन, ड्रम, बास आणि ‘इतर’ अशा चार कप्प्यांत वाटलेल्या पाश्चात्त्य गाण्यांवर शिकवलेली आहेत. त्यांना तंबोरा म्हणजे ‘इतर’. आणि गळ्याला चिकटून चालणारी सारंगी कधी गळा वाटते, कधी वाटत नाही. काही साधनं गळालेले वरचे स्वरांश नव्याने घालतात. कानाला ते सुखावतं, पण ती त्या गायकाची जवारी नव्हे. यंत्राने अंदाजाने लावलेला रंग आहे. समर्थक म्हणतात, जुने रंगीत केलेले चित्रपट लोक पाहतातच ना? पाहतात, पण त्यावरून त्या काळचा शालूचा रंग ठरवत नाहीत.

आजचं प्रसारण

२६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची ‘रागम्’ ही अखंड शास्त्रीय संगीताची वाहिनी डीटीएच आणि मोबाइल ॲपवर उपलब्ध आहे. सळसळ नाही, लहरींचे हेलकावे नाहीत. त्याऐवजी डेटा दाबून पाठवल्याने येणारी झीज आहे, आणि नेट अडखळलं की पडणारी भोकं. इथे तज्ज्ञांचं जवळपास एकमत आहे: येणारा डेटा आहे तसाच साठवावा, फोनच्या हेडफोनच्या भोकातून काढून पुन्हा दाबून साठवला की दोनदा झीज होते. दुसरी आठवण ठेवायची ती अशी की तिथे वाजणारी जुनी मैफल कधी काळी डिजिटल करताना जशी झाली तशीच येणार. वाहिनी स्वच्छ म्हणून टेप स्वच्छ होत नाही.

ज्यांना अजून मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह उतरवायची आहे त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर रेडिओ हे मोठं पाऊल आहे. गेल्या दशकभरात ती यंत्रं स्वस्त झाली. त्यांत आवाजाऐवजी लहरींचा अख्खा पट्टाच साठवता येतो आणि गाळणी किती रुंद ठेवायची, बुडणारा वाहक कसा सावरायचा, हे नंतर निवांत ठरवता येतं. गंमत एवढीच की हे साधन हाती आलं तेव्हा पट्ट्यावर उतरवण्याजोगं गाणं कमी होऊ लागलं होतं. आणि एलईडी दिवे व चार्जर यांनी शहरातली मीडियम वेव्ह इतकी गढूळ केली आहे की १९७५ सालच्या ट्रान्झिस्टरला जे मिळायचं ते आज मिळेलच असं नाही.

काय अनिर्णित आहे

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसारकाचा हक्क प्रसारणानंतर पंचवीस वर्षं आणि कलाकाराचा प्रयोगहक्क पन्नास वर्षं टिकतो. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण उल्लंघन ठरत नाही. उतरवून घेणं आणि वाटणं यांत कायदा फरक करतो, संग्राहकांच्या जगात तो फरक फारसा पाळला गेला नाही. कलाकाराचा हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला, तेव्हा त्याआधीच्या मैफलींचं काय, यावर मतभेद आहेत. याचा दर्जाशी संबंध असा की उघडपणे देता येत नसल्याने उत्तम प्रती बंद राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रती फिरतात.

मोठा प्रश्न केंद्रांमधल्या मूळ टेपांचा. आकाशवाणीने आपल्या संग्रहातलं काही गाणं सीडीवर विक्रीला आणलं. ते ऐकून दोन तट पडले. काहींना ते घरच्या टेपांपेक्षा कैक पटींनी सरस वाटलं. काहींना ते इतकं घासूनपुसून दिलेलं वाटलं की आपली सळसळणारी कॅसेटच जिवंत आहे असं ते म्हणू लागले. यात आठवणींचा भाग किती आणि कानाचा किती, हे सांगणं अवघड आहे. पण तो प्रश्न सोडवता येण्याजोगा आहे. एकाच प्रसारणाची केंद्रातली मूळ टेप आणि दोन-तीन श्रोत्यांनी वेगवेगळ्या गावांत घेतलेल्या टेपा शेजारी ठेवून मोजमाप केलं, तर लाइनीत किती गेलं, लहरींत किती, टू-इन-वनने किती बिघडवलं आणि साफसफाईने किती, हे आकड्यांत दिसेल. स्पूल यंत्राच्या वेगाचं कोडंही त्यातून सुटेल, कारण मूळ टेपेवरची पट्टी समोर असेल.

त्यासाठी लागणारं साहित्य विखुरलेलं आहे. केंद्रांत, मुंबईच्या एनसीपीएसारख्या संस्थांत, १९८२ साली पुण्यात सुरू होऊन पुढे दिल्लीकडे गेलेल्या एआरसीई या अभिलेखागारात, आणि घराघरांत. घरातल्या टेपांना कोकणात आणि मुंबईत बुरशी धरते आहे. त्यांच्या डब्यांवर राग आणि कलाकार असतो, क्वचित तारीख. केंद्र, पट्टा, यंत्र, डॉल्बी, वायर की मायक्रोफोन यांपैकी काही नसतं. ज्यांनी त्या भरल्या ते श्रोते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कुठला रेडिओ होता, एरियल कुठे बांधला होता, शनिवारी रात्री वीज जायची का, हे त्यांना अजून सांगता येतं. टेपेच्या चुंबकीय थरात यातलं बरंचसं लिहिलेलं नाही.